एक नंबरचा दगड

कौसल्या सिस्टर पहिल्यांदा आमच्या घरात आल्या आणि काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हाताच्या कातडीला चिमटा काढला. दोन दिवस जुलाबाने हैराण होऊन मी कॉटवर आडवा झालो होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेल्या बाई निवृत्त नर्स आहेत एवढं कळताच आमच्या हिने त्यांना हाताला धरून आणलं होतं. चिमटीतली कातडी सोडून ती किती वेळाने खाली बसते ते सिस्टर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, पानी कमी पडलंय तुमाला. मीठ-साखरंचं पानी घ्या, घोट घोट. तांब्या तोंडाला लावू नका." बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला पाणी कसं प्यावं हे कोणी सांगितलेलं आवडत नाही. पण प्यालो, आणि संध्याकाळी उठून बसलो.

मी उठून बसलो का ते बघायला सिस्टर पुन्हा आल्या, तेव्हा त्यांची नजर खिडकीकडे गेली. "कुंडीत खडं कशाला ठिवलेत?" त्यांनी विचारलं. मला हेच हवं होतं. अशक्तपणा विसरून मी व्याख्यान सुरू केलं. हे खडे नव्हेत, लिथॉप्स. आफ्रिकेच्या कोरड्या माळावरची वनस्पती. दोन जाडजूड पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर, बस्स. देठ नाही, फांदी नाही. जनावराने खाऊ नये म्हणून आजूबाजूच्या गोट्यांसारखं दिसायचं, एवढंच तिला येतं. ऑनलाइन मागवलेली ही सहा रोपं आहेत आणि अख्ख्या सावेडी उपनगरात ती फक्त माझ्याकडे आहेत, हेही सांगून टाकलं. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुरकुतलेल्या दोन रोपांवर बोट टेकवलं.

"ही दोन आजारी हायेत."

"ती गेल्यात जमा आहेत. टाकायचीच आहेत."

"टाकायचीच असली तर मला द्या."

मी दिली. वर "जगली तर कळवा" असं म्हणून हसलोही. माझं चुकलं ते इथेच.

सिस्टर मिरजगावकडच्या एका वाडीवरच्या. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. मागे या आणि धाकटी बहीण, एका चुलतीच्या जिवावर. शिकून नर्स झाल्या, आणि सगळी नोकरी त्या कोरड्या भागातल्या आरोग्य केंद्रांत झाली. लग्न केलं नाही. मी उसाच्या पट्ट्यातल्या बेलापूरचा आहे म्हटल्यावर त्या खुलल्या. "माजी आई-बाप तुमच्याकडंच यायची की फडात! पाटाच्या कडंला पाचटाची कोपी असायची आमची." आमच्या मळ्यातला ऊस तोडायला दरवर्षी त्याच बाजूच्या टोळ्या यायच्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण मनात कुठेतरी टिपून ठेवलं, आणि पुढे जेव्हा पोटात दुखायला लागलं तेव्हा हेच आठवून जास्त दुखलं.

त्या दोन रोपांचं त्यांनी काय केलं ते मी चहाच्या निमित्ताने जाऊन पाहिलं. कान तुटलेल्या दोन कपांना खिळ्याने भोक पाडलं होतं. गावाकडून पिशवीभर मुरूम आणवून तो चहाच्या गाळणीने चाळला होता. पाणी घालायला सुई काढलेली सिरिंज. आणि गंमत म्हणजे प्रत्येक कपाचं एक कार्ड, लहान मुलांच्या लसीकरणाचं असतं तसं, जुन्या पुठ्ठ्यावर पट्टीने रेघा मारून केलेलं. नंबर एक. आले: सरांकडून. ओळखीची खूण: डाव्या पानावर तीन ठिपके. पुढे पाण्याच्या तारखा आणि किती मिली. ही कार्डं औषधाच्या एका पत्र्याच्या डब्यात असायची.

"अहो सिस्टर, रोपाला कसली ओळखीची खूण?" मी म्हणालो.

"असती सर. एका खोलीत वीस बाळंतिनी असल्या तरी कोनाचं लेकरू कोनतं हे मला बगून कळायचं. पर आपल्यामागं जी नर्स येती तिला कसं कळावं? तिच्यासाठी ल्ह्यायचं."

त्या ओघात त्यांनी आणखी एक सांगितलं. एखाद्या म्हाताऱ्याचं काही खरं नाही असं दिसलं आणि त्याला ते पेलणार नाही असं वाटलं, तर त्या केसपेपरच्या कागदामागे बारीक अक्षरात लिहून ठेवायच्या, 'पेशंटला सांगू नये.' म्हणजे पुढच्या पाळीची एखादी नवी पोरगी बोलून जायला नको. आणि माणूस गेला की कारण लिहायचं. "कारन ल्ह्येल्याबिगर कागुद मिटायचा नसतो," असं त्या नेहमी म्हणत. घरी येऊन मी हिला कार्डांची नक्कल करून दाखवली आणि दोघं पोट धरून हसलो.

पावसाळ्यात माझं एक रोप गेलं. गणपतीत दुसरं, आणि दसऱ्याच्या आत उरलेली दोन. सिस्टरांचंही एक गेलं. त्या कार्डावर त्यांनी लिहिलं: 'नंबर दोन. गेले. कारण: माझी हयगय. पावसात खिडकी उघडी राहिली.' मला बरं वाटलं होतं हे लपवण्यात अर्थ नाही. पण दिवाळीनंतर एका दुपारी आमची ही धावत आली. "अहो, चला लवकर! सिस्टरांच्या दगडाला फूल आलंय!"

चिरेतून आलेलं, पांढरंशुभ्र, रोपापेक्षा मोठं. दुपारी दोनच्या सुमारास उमलायचं आणि ऊन उतरलं की मिटायचं. माझ्या जास्वंदीकडे जिने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं ती आमची सौभाग्यवती रोज वामकुक्षी सोडून दोनच्या ठोक्याला समोरच्या दारात. मग सगळी बिल्डिंग. आपल्या दाराला ते छोटं भिंग असतं ना, त्यातून मी कोण कोण येतंय ते पाहत उभा राहायचो. एका दिवशी अकरा माणसं मोजली. "सिस्टरांच्या हाताला गुण आहे हो," असं जिन्यात कोणीतरी म्हणालं, तर मी घरात चहाचा कप आपटला. मला होतं त्या दुखण्यावर मीठ-साखरेचं पाणी चालत नव्हतं. ते फूल माझं होतं. पैसे मी घातले होते, नाव मला माहीत होतं, रोप मी दिलं होतं. त्या बाईंना तर 'लिथॉप्स' म्हणताही येत नव्हतं. त्या 'दगड' म्हणायच्या.

मी पुन्हा रोपं मागवली, दोनदा. दोन्ही वेळा मेली. शेवटी अभिमान गिळून विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?"

"मी काय करती? काहीच न्हाई करत," त्या म्हणाल्या. "सर, तुमी पाटाची मानसं. पानी दिसलं की सोडायचं, ही तुमची रीत. आमच्याकडं पानी मागून मिळत नसतं, थांबून मिळतं. ह्येला सुरकुती पडली म्हनून घाबरायचं न्हाई. किती पडली ते बगायचं. हगवनीच्या लेकराची कातडी बगत्यात तसं." मग स्वतःशीच हसल्या. "जन्मभर बायांच्या मागं लागले, लेकरांना पानी पाजा, पानी पाजा. आता म्हातारपनी न पाजायचं शिकायला लागले."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या भागात नळाला एकाआड एक दिवस पाणी येतं. नवं पाणी आलं की भरून ठेवलेलं पाणी शिळं झालं, असं आम्ही सगळेच मानतो आणि ते कुंड्यांना ओतून मोकळे होतो. सिस्टरांना याचं फार हसू यायचं. "पानी शिळं कसं हुईल? भाकर हाय का ती?"

पुढच्या हिवाळ्यात दुसरं फूल आलं. तेव्हा गावातल्या बागप्रेमी मंडळींच्या कार्यक्रमात बोलायला त्यांना बोलावलं. मला नाही. मी तिसऱ्या रांगेत, हिच्या शेजारी. सिस्टर कप हातात धरून माइकपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्ये रोप माजं न्हाई. हितं सर बसल्यात, त्यांनी दिलं. मी फकस्त पानी घातलं न्हाई." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे वळून माझ्याकडे बघून हसले, आणि मीही हसलो. त्यांनी माझं नाव गाळलं असतं तर निदान रागवायला जागा तरी राहिली असती. तो मोठेपणा मला कित्येक दिवस झोंबत राहिला.

माघात त्यांच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस मिरजगावला राहावं लागणार होतं. बंद घरात रोप गुदमरेल म्हणून त्यांनी तो कप आमच्या खिडकीत आणून ठेवला. फूल केव्हाच वाळलं होतं. जुनी पानं सुकत चालली होती आणि चिरेतून नव्या पानांची जोडी डोकावत होती. "आता हे जुनं पान नव्याला पाजतंय सर," त्या म्हणाल्या. "जुनं पार वाळून पापुद्रा हुईस्तवर मधी तोंड घालायचं न्हाई. एक थेंबसुदिक न्हाई. बगत बसा नुसतं." हे मला माहीत होतं. मी वर्गात शिकवलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मी नेहमीप्रमाणे बादलीतलं आदलं पाणी तांब्याने खिडकीतल्या कुंड्यांना घालत गेलो आणि त्या ओघात त्या कपातही पडलं. पडल्यावर लक्षात आलं. कप कलता करून पाणी काढता आलं असतं, मुरूम बदलता आला असता. मी काही केलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर सुकलेली पानं तरारली होती, गुबगुबीत झाली होती. बघून बरं वाटलं. त्या दिवशी परत पाणी आलं आणि मी परत तांब्या कलता केला. पहिल्यांदा घातलं ते सवयीने. दुसऱ्यांदा घातलं ते कशाने, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, सुरकुत्या बघवल्या नाहीत म्हणून. कधी वाटतं, माझ्या खिडकीत ते त्यांच्यापेक्षा टवटवीत दिसावं म्हणून. आणि कधी वाटतं, ते मरावं म्हणूनच. वनस्पतिशास्त्राच्या माणसाने यातलं शेवटचं कारण वगळू नये.

आठवड्याच्या शेवटी रोप फाटलं. नवी पानं आतल्या आत कुजली. बुडाला बोट लावलं तर बोट आत गेलं.

सिस्टर यायला पाच दिवस उरले होते, म्हणजे ऑनलाइन मागवायला वेळ नव्हता. शिर्डीच्या रस्त्याला एका नर्सरीत असली रोपं मिळतात असं ऐकलं होतं. सकाळी लवकर आंघोळ करून मी निघालो, तर हिला वाटलं, मी दर्शनाला चाललोय. जन्मात कधी देवाच्या रांगेत उभा न राहिलेला नवरा शिर्डीला निघालेला पाहून तिचे डोळे भरून आले. नर्सरीत तासभर चाळीस रोपं उलटीपालटी करून मी तोच राखाडी रंग, तेवढाच आकार, तेवढीच सुकलेली पानं असलेलं एक रोप निवडलं. येताना लाडूचा प्रसाद घेणं भाग पडलं. दुपारी ही झोपली असताना मेलेलं रोप काढलं, नवं लावलं, वर मुरूम पसरला. हात धुतले. ती ओळखीची खूण मला त्या वेळी आठवलीसुद्धा नाही.

सिस्टर आल्या त्या सरळ खिडकीपाशी गेल्या. कप उचलला. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिल्या. तेवढ्यात आमची ही उत्साहाने बाहेर आली. "सिस्टर, प्रसाद घ्या. हे शिर्डीला जाऊन आले, एकटे!" सिस्टरांनी लाडू घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला. माझ्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवून त्यांनी माझा हात ओढला आणि कातडीला चिमटा काढला.

"सर, पानी पीत न्हाई का तुमी? कातडी पार सुकली. झोप बी दिसत न्हाई."

"उन्हाळा लागतोय," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या.

त्यानंतर दीड वर्ष मी सांगायचं ठरवत होतो. चार-पाच वेळा तर समोरच्या दाराची बेलही वाजवली. "सिस्टर, एक सांगायचं होतं," म्हटलं की त्या म्हणायच्या, "आदी च्या घ्या." चहा झाला की त्या बहिणीच्या डोळ्याचं, नाहीतर भाचीच्या नोकरीचं काढायच्या. मला वाटायचं, बाई भोळ्या आहेत, यांच्या काही लक्षात आलेलं नाही. एकीकडे सुटल्यासारखं वाटायचं. दुसरीकडे, खरं सांगतो, थोडा तोराही यायचा, की बघा, ओळखीची खूण लिहिणाऱ्या बाईंना एवढंही कळलं नाही. त्या रोपाने मधल्या हिवाळ्यात फूल दिलं नाही. सिस्टर कोणी विचारलं तर म्हणायच्या, "दमलंय बिचारं. त्येला नव्या जागंची सवं व्हायचीय." कप तर त्याच जागी होता. हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

गेल्या भाद्रपदात सिस्टर झोपेतच गेल्या. सकाळी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली हिने पाहिली. मिरजगावहून माणसं आली. मी रडलो, आणि माझं रडणं बघून हीच मला धीर देत होती. तेरावं झाल्यावर त्यांची भाची घर आवरायला आली. जाताना तिने तो कप आणि पत्र्याचा डबा आमच्याकडे आणून दिला. "मावशी म्हणायची, दगड सरांचाय, सरांनाच द्यायचा. डब्यात काय आहे ते मी बघितलं नाही."

डब्यात सिरिंज होती, गाळणी होती आणि तीन कार्डं होती. दोन नंबरचं मला माहीत होतं. एक नंबरचं वाचलं. आले: सरांकडून. तीन ठिपके. पाण्याच्या तारखा, दोन फुलांच्या तारखा. आणि त्या मिरजगावहून परत आल्या त्या दिवसाची तारीख टाकून एक शब्द: 'गेले.' पुढे 'कारण' लिहून दोन टिंबं दिली होती आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती. कारण लिहिल्याशिवाय कागद न मिटणाऱ्या बाईंनी हा एक कागद तसाच मिटला होता.

तिसरं कार्ड त्याच तारखेचं. 'नंबर एकच्या जागी. आले: शिर्डीहून. सरांनी आणले. खूण: ठिपके नाहीत. बुडाशी ओल फार, महिनाभर पाणी बंद.' मग त्यांची सवय आठवून ते उलटं केलं. मागे बारीक अक्षरात एकच ओळ होती.

'सरांना सांगू नये.'

हिने विचारलं, "काय लिहिलंय हो?" मी तिला कार्ड दिलं. तिने दोन्ही बाजू वाचल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला. शिर्डीचं कोडं तिला त्या दिवशी सुटलं.

मी रोपाला पाणी घातलं नाही. कार्तिकापर्यंत फक्त तीनदा, सिरिंजने, कपाच्या कडेकडेने, आणि प्रत्येक वेळी कार्डावर तारीख लिहिली. नळाला पाणी येतं त्या दिवशी मी तो कप कपाटात ठेवतो. माझा मलाच भरवसा नाही. परवा दुपारी ही खिडकीपाशी थबकली आणि ओरडली, "अहो, तुमच्या दगडाला फूल आलंय!"

हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षं जळलो होतो. उठून पाहिलं. पिवळं आलं होतं. त्यांचं पांढरं होतं. हेच फूल जर गेल्या हिवाळ्यात आलं असतं, तर सगळ्या बिल्डिंगसमोर माझी चोरी उघडी पडली असती. सिस्टरांनी कुणाला काय सांगितलं असतं तेव्हा, याचा विचार करत मी बसलो. काहीतरी सांगून त्यांनी मला सांभाळून घेतलं असतं, यात मला शंका नाही. आणि एवढं सगळं कळूनही त्या बाईंचा मला त्या क्षणी हेवाच वाटला. मी इतकी वर्षं फुलाच्या मागे होतो आणि बाई मोठेपणातही माझ्या पुढे निघून गेल्या होत्या.

मी डबा उघडला. तिसऱ्या कार्डावर लिहिलं, 'फूल आले. पिवळे.' मग एक नंबरचं कार्ड काढलं. 'कारण' पुढची कोरी जागा माझ्यासाठीच सोडलेली होती. तिथे लिहिलं, 'सरांच्या मनातला हेवा', तारीख टाकली, खाली सही केली आणि कागद मिटला.